वाक्याला चाल असतेच

गेल्या खेपेला जिंगलच्या चालींबद्दल लिहिताना मी एक वाक्य सहज टाकलं होतं: हल्ली मला सगळ्यात जास्त हेवा वाटतो तो बातमीतल्या माणसाच्या बोलण्यावर गाणं रचणाऱ्यांचा. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळी हार्मोनियमची दुरुस्ती आणि बसलेला आवाज हे नेहमीचे विषय बाजूला ठेवलेत. ज्यांचे प्रश्न राहिले त्यांनी रागावू नये.

प्रश्न : मी मुलांना पेटी शिकवते. ‘रसोडे में कौन था’ ऐकल्यापासून ती विचारतात, त्या बाईच्या बोलण्यात सूर होता की संगीतकाराने घातला? मला नीट उत्तर देता आलं नाही.

बहुतेक आधीच होता. यशराज मुखाटेने ऑगस्ट २०२० मध्ये तो व्हिडिओ टाकला तेव्हा मीही सगळ्यांसारखी हसले, आणि मग ‘साथ निभाना साथिया’ या हिंदी मालिकेतला मूळ प्रसंग शोधून तो गाण्याशिवाय ऐकत बसले. रूपल पटेल यांची कोकिलाबेन सुनांना जाब विचारते ती एकेक शब्द तोलून. आवाज चढतो, थांबतो, पुन्हा पहिल्या जागी येऊन बसतो. रागावलेलं माणूस लयीत बोलतं, हे घरात वडीलधारी माणसं असलेल्या कुणालाही सांगायला नको. मुखाटेने ती लय ओळखली आणि तिच्याखाली ठेका व कॉर्ड सरकवले.

मुलांना दाखवायचं असेल तर माझ्या आत्याचं वाक्य घ्या. घरच्या एका समारंभात वीस मिनिटं अखंड बोलून झाल्यावर ती म्हणाली होती, “मी काही बोलले का? मी काहीच बोलले नाही!” माझ्या फोनमध्ये ते आलं आणि पुढे त्याचं रामायण झालं, ते खाली येईलच. आधी सूर बघू.

पहिली पायरी षड्ज, म्हणजे सा, शोधण्याची. बोलणाऱ्याचा सा वाक्याच्या सुरुवातीला शोधू नका, तिथे तो हमखास चकवतो. साधं विधान संपताना आवाज खाली येऊन टेकतो, ती जागा धरा. आत्याच्या ‘नाही’तला ‘ही’ माझ्या पेटीवर खालच्या सप्तकातल्या पांढरी चारच्या आसपास येतो. तो सा धरला की बाकीचं आपोआप उलगडतं. ‘मी’ रिषभावर, ‘काही’ गंधारावर, ‘बोलले’ पुन्हा रिषभाकडे उतरतं आणि प्रश्नाचा ‘का’ उडी मारून पंचमावर जातो. दुसऱ्या वाक्यात सगळा जोर ‘काहीच’वर आहे. तिथे ती धैवताला हात लावून येते आणि मग ‘नाही’ म्हणत रे-सा करत घरी पोचते. एक ओळ वर जाऊन लोंबकळते, दुसरी खाली येऊन टेकते. मुखडा आणखी काय वेगळा असतो?

हे स्वर नेमके लागत नाहीत, हे मुलांना जरूर सांगा. बोलताना आपण एका जागी थांबत नाही, सगळीकडे मींड असते, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं. आणि सूर फक्त घोष ध्वनींत सापडतो, म्हणजे स्वर आणि ‘म’, ‘न’, ‘ल’ यांसारख्या व्यंजनांत. ‘स’, ‘श’, ‘फ’ हे नुसते वारे, त्यांना उंची नसते. म्हणून ‘बोलले’सारखा शब्द गाण्यात लोण्यासारखा सरकतो आणि ‘स्पष्टीकरण’ दाताखाली खड्यासारखा येतो.

आता मुलांच्या प्रश्नाचा अवघड भाग. सूर आधीच होता, तर पहिल्यांदा ऐकताना तो कळत का नाही? डायना डॉइच या संशोधिकेला १९९५ मध्ये हे अपघाताने सापडलं. स्वतःच्याच बोलण्याचं ध्वनिमुद्रण तपासताना एक छोटा तुकडा लूपवर पुन्हा पुन्हा वाजत राहिला, आणि थोड्या वेळाने तिला कुणीतरी गात असल्यासारखं वाटायला लागलं. तुकड्यात काहीही बदललेलं नव्हतं. पुढे तिने आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केले, ते २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तुकडा दर खेपेला थोड्या वेगळ्या पट्टीत वाजवला किंवा अक्षरांची उलटापालट केली, की हा भास बारगळतो. जसंच्या तसं परत आलं पाहिजे. आपल्याकडे ध्रुवपद जसंच्या तसं परत येतं, ते काही उगाच नाही.

वर्गात करून बघा. आत्याचं वाक्य एका मुलीला बोलायला लावा, फोनवर रेकॉर्ड करा आणि लागोपाठ दहा वेळा वाजवा. सहाव्या-सातव्या वेळी कुणीतरी मान डोलवायला लागेल. मग केरवा ताल धरा. ‘मी काही बोलले’ समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी टाका आणि ‘का’ नेमका समेवर पडू द्या. पेटी नंतर.

प्रश्न : पन्नास वर्षं शास्त्रीय संगीत ऐकतो आहे. दुसऱ्याच्या बोलण्याची टवाळी करून ठेका लावणं याला तुम्ही संगीत म्हणता, याचं आश्चर्य वाटलं.

आश्चर्य वाटू द्या, पण हे कालचं खूळ नाही. लेओश यानाचेक हा चेक संगीतकार रस्त्यावर, बाजारात, फलाटावर ऐकलेली बोलणी वहीत स्वरलिपीत टिपून ठेवायचा, आणि त्यातून त्याच्या ऑपेरांतल्या पात्रांची गाणारी बोली घडत गेली. १९०३ मध्ये त्याची मुलगी ओल्गा गेली, तेव्हा तिचे शेवटचे शब्दही त्याने स्वरांत लिहून ठेवले. ते वाचल्यापासून मला या प्रकाराला नुसती टवाळी म्हणता येत नाही.

स्टीव्ह राइश या अमेरिकन संगीतकाराने १९६५ मध्ये रस्त्यावरच्या एका धर्मोपदेशकाच्या आवाजाचे टेप-लूप करून रचना केली. १९८८ च्या ‘डिफरंट ट्रेन्स’मध्ये तर माणसं आगगाडीच्या प्रवासाच्या, नाझी काळाच्या आठवणी सांगतात आणि तंतुवाद्यं त्यांच्या वाक्यांची चाल उचलतात. तिथे हसायची शामत नाही. तंत्र मात्र तेच. टवाळी करायची की नाही, हे करणाऱ्याच्या मनात असतं.

प्रश्न : एका व्हायरल क्लिपवर मी गाणं केलं. सॉफ्टवेअरमध्ये सगळे सूर अगदी बरोबर केले, ड्रम घातले, मध्ये हसण्याचे आवाजही टाकले. कुणीच हसलं नाही. काय चुकलं?

हसण्याचे आवाज काढा. निम्मी दुरुस्ती तिथेच झाली.

उरलेली निम्मी ‘अगदी बरोबर’ या शब्दांत आहे. ऑटोट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर १९९७ मध्ये बाजारात आलं. ते करणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेल कंपन्यांसाठी जमिनीखालच्या ध्वनिलहरींचं गणित मांडायचे, तेच गणित त्यांनी गळ्याला लावलं. बेसूर गायक सुरात यावा एवढाच हेतू होता. पुढच्याच वर्षी शेर या गायिकेच्या ‘बिलीव्ह’ गाण्यात ते मुद्दाम इतकं करकचून वापरलं, की आवाज पायऱ्यापायऱ्यांनी तुटत चालला आणि तीच त्याची ओळख झाली. गायकाला ते शोभून जातं. बोलणाऱ्याचा प्रत्येक स्वर असा खुंटीला टांगलात, की माणूस नाहीसा होतो आणि यंत्र उरतं. यंत्राला कोण हसणार?

मी असं करते. वाक्यातले दोन-तीन स्वर पक्के करते, बहुधा समेवरचा आणि शेवटचा. बाकी मींड, श्वास, अडखळणं तसंच ठेवते. अडखळणं तर कधीच कापायचं नाही, तिथे तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर येणारा तुकडा, लपलेली असते. ‘म... म... म्हणजे’ असं कुणी म्हणालं, की देवाने तिहाई हातात दिली असं समजावं.

दुसरी गोष्ट साथीची. साथ विनोदी नको. पीऽऽप, ढॅण्‌, बदकाचे आवाज हे सगळं ऐकणाऱ्याला ‘आता हसा’ म्हणून कोपर मारत राहतं. माणूस फुटकळ काहीतरी बोलतोय आणि मागे तालेवार वाद्यवृंद त्याला जिवाभावाने साथ करतोय, हसू त्या विसंगतीत आहे. अमेरिकेतल्या ग्रेगरी ब्रदर्सनी २००९ मध्ये ‘ऑटो-ट्यून द न्यूज’ सुरू केलं, तेव्हा बातम्यांतल्या राजकारण्यांशेजारी ते स्वतः पडद्यावर उभे राहून गंभीर चेहऱ्याने कोरस गायचे. अशा बोलणाऱ्यांना ते ‘अजाणता गाणारे’ म्हणतात. ही मंडळी मुळात चांगली गाणारी-वाजवणारी आहेत, त्यांचे कोरस ऐकले की कळतं. आधी गाणं म्हणून ते उभं राहतं, मग विनोद.

आणि क्लिप निवडताना मागे पार्श्वसंगीत आहे का ते ऐका. वृत्तवाहिन्यांवर कुणी बोलत असताना मागे सतत काहीतरी धडधडत असतं. आवाज वेगळा काढणारी साधनं आता आहेत, पण ती ओढून काढताना स्वराची कड खरवडते. शांत जागी बोललेला माणूस निवडावा.

प्रश्न : मित्राचा भांडतानाचा व्हिडिओ आमच्या ओळखीत सगळीकडे फिरतो आहे. त्यावर भन्नाट गाणं सुचलं आहे. त्याला आधी विचारू की करून चकित करू?

विचारा. आता आत्याचं रामायण ऐका.

तिच्या त्या दोन वाक्यांचं मी सव्वा मिनिटाचं गाणं केलं. केरवा, पेटी, मागे माझाच आवाज चार पदरी. घरच्यांच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुठे कुठे गेलं मला माहीत नाही, पण महिन्याभराने आत्या एका रांगेत उभी असताना पुढच्या अनोळखी माणसाचा फोन वाजला आणि त्यातून तिचाच आवाज आला. मी काही बोलले का. तिने मला फोन केला नाही. पुढच्या दोन समारंभांत ती कोपऱ्यात बसून राहिली, कुणी काही विचारलं की नुसती मान हलवायची. ज्या बाईला बोलताना थांबवणं अशक्य, ती गप्प. मला वाटलं, लोक हसले म्हणून रुसली असेल.

शेवटी मीच गेले. ती म्हणाली, “हसू देत गं. पण त्याच्या आधीचं कुठं गेलं?”

घरी येऊन मूळ रेकॉर्डिंग काढलं. त्या वाक्याआधी कुणीतरी तिला विचारत होतं, काकांच्या आजारपणात तू कुणाला कळवलं का नाहीस. ती सांगत होती, कळवलं होतं, कुणी आलं नाही, म्हणून पुढे ती कुणाला काही बोलली नाही. ‘मी काही बोलले का’ हा त्या सगळ्याचा शेवट होता. मी कात्री नेमकी तिथे चालवली. वीस मिनिटांची बडबड म्हणून जे मी लोकांना सांगत होते, ते मी स्वतः नीट ऐकलंच नव्हतं. चाल शोधत होते ना.

नवं गाणं केलं, यात आधीची चार वाक्यंही आहेत. विनोद थोडा कमी झाला. आत्याला तेच आवडतं आणि आता ते तीच पाठवत असते.

या बाबतीतला सगळ्यात गाजलेला प्रसंग २०१० चा. अलाबामातल्या हंट्सव्हिलमध्ये रात्री घरात घुसलेल्या माणसाने अँटवान डॉडसनच्या बहिणीवर अत्याचाराचा प्रयत्न केला. डॉडसन टीव्हीच्या बातमीदारासमोर चिडून बोलला, ग्रेगरी ब्रदर्सनी त्याचं ‘बेड इंट्रूडर साँग’ केलं आणि ते बिलबोर्डच्या शंभर गाण्यांच्या यादीत ८९व्या क्रमांकापर्यंत गेलं. डॉडसनला त्यांनी गीतकार म्हणून वाटेकरी केलं, कमाईचा निम्मा वाटा दिला. कुटुंबासाठी नवं घर घेण्याइतके पैसे त्यातून उभे राहिले, असं तेव्हा बातम्यांत आलं. म्हणजे व्यवहार चोख झाला. तरी तेव्हाच अनेकांनी विचारलं, की गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय माणसाच्या संतापाला लोक नेमकं कशासाठी हसताहेत, आणि त्या बहिणीचं काय? मला हे दोन्ही एकाच वेळी खरं वाटतं. निम्मा वाटा देणं हे त्या घरातल्या रात्रीचं उत्तर होत नाही, आणि वाटा न देता गाणं करणारे त्याहून शंभरपट जास्त आहेत.

मित्राने हो म्हटलं तर त्याचं नाव गीतकार म्हणून आधी घाला. नाही म्हटलं तर चाल ठेवून घ्या, शब्द नवे लिहा. चाल छान असेल तर ती वाया जात नाही.

प्रश्न : बातमीची क्लिप वापरली तर कॉपीराइटची भानगड होते का?

होऊ शकते. मी वकील नाही, पण या धंद्यात राहून जे अंगावर घेतलं त्यातून सांगते.

क्लिपमध्ये एकाच वेळी बरेच मालक असतात. चित्रीकरण वाहिनीचं, मागे गाणं असेल तर ते दुसऱ्याचं, आणि बोलणारा माणूस तिसरा. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा नोंदवून ठेवलेल्या ध्वनी-चित्रांशी आपोआप जुळणी करते. तिला विनोद कळत नाही. तुमच्या गाण्याची कमाई परस्पर दुसऱ्याकडे वळू शकते.

कायदा देशागणिक वेगळा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एका रॅप गटाच्या खटल्यात सांगितलं, की विडंबन पैसे मिळवण्यासाठी केलं तरी ते वाजवी वापरात बसू शकतं. ब्रिटनमध्ये विडंबनाला सूट देणारी तरतूद १ ऑक्टोबर २०१४ ला लागू झाली. कॅसेटबॉय ही जोडी भाषणांतले शब्द कात्रीने कापून नवी वाक्यं जोडते. त्यांनी आठवडाभरातच तेव्हाच्या पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांच्याच शब्दांचं रॅप बाहेर काढलं, जणू दार उघडायची वाट बघत उंबऱ्यावर बसले होते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ टीका, परीक्षण, चालू घडामोडींचं वार्तांकन यांसाठी वाजवी वापराला मोकळीक देतं, पण विडंबन हा शब्द त्यात नाही. म्हणून मी क्लिप शक्यतो वापरत नाही. वाक्य स्वतः बोलते किंवा पेटीवर वाजवते. मूळ माणसाच्या आवाजाची गंमत त्यात येत नाही, हे मान्य.

प्रश्न : नेत्यांच्या भाषणांवर केलेली गाणी ही टीका असते की त्यांचीच जाहिरात?

दोन्ही असू शकते, आणि करणाऱ्याच्या हातात ते नसतं. १० सप्टेंबर २०२४ च्या वादसभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी निराधार विधान केलं, की अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावात आलेले स्थलांतरित तिथल्या लोकांची पाळलेली कुत्री-मांजरं खातात. दक्षिण आफ्रिकेच्या द किफनेसने, म्हणजे डेव्हिड स्कॉटने, लगेच त्याचं गाणं केलं. मांजरांच्या म्याँववर गाणी रचून तो आधीच प्रसिद्ध होता, त्यामुळे हा विषय त्याच्याकडे चालतच आला म्हणायचा. गाणं डोक्यात बसणारं आहे, मीही दोन दिवस गुणगुणत होते. पण गुणगुणत काय होते? एक खोटं वाक्य, ताला-सुरात. विरोधक ते ट्रम्प यांची फजिती म्हणून वाजवत होते, समर्थक नाचायला म्हणून. ज्या लोकांवर आळ आला, त्यांना कुठल्या बाजूने वाजतंय याने काय फरक पडला असेल?

लूपमुळे वाक्य गोड होतं, हे वर लिहिलंच आहे. खोटं वाक्यही गोड होतं. मी स्वतः अशी वाक्यं घेत नाही. नेता स्वतःच्या तोंडाने स्वतःलाच खोडतो, अशी वाक्यं घेते. त्यांचा तुटवडा कधी भासला नाही.

प्रश्न : आता यंत्राला वाक्य लिहून दिलं की अर्ध्या मिनिटात गाणं मिळतं. मग हे सगळं शिकायचं कशाला?

मी करून बघितलं. आत्याची दोन वाक्यं टाइप करून दिली. सुरेख, गुळगुळीत गाणं आलं, मागे व्हायोलिनं. फक्त ‘काहीच’मधला तो ‘च’ कुठे चढलाच नाही, सपाट निघून गेला, आणि गाणारी जणू प्रियकराची समजूत घालत होती.

आत्याला ऐकवलं. तिने पूर्ण ऐकलं, फोन परत दिला आणि म्हणाली, “ही कोण बाई?”